कमी पैशांत मोटारसायकल रेसिंग : या चुका टाळा

मोटारसायकल रेसिंगमध्ये उतरायचे ठरवलेला बहुतेक जण आधी गाडी घेतो, मग तिला नवा एक्झॉस्ट बसवतो, मग ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक संच) बदलतो आणि सरतेशेवटी ट्रॅकचे शुल्क व टायर यांच्यासाठी खिशात काही उरलेले नाही, हे त्याच्या ध्यानात येते. मीही याच क्रमाने चुकलो. पुण्यात हप्त्यांवर घेतलेल्या गाडीवर वर्षभर पैसे ओतले आणि त्या वर्षात ती ट्रॅकवर चालवली फक्त दोन दिवस. ज्याच्याकडे पैसे मोजके आहेत त्याने ते गाडीवर कमी आणि ट्रॅकवरच्या फेऱ्यांवर अधिक खर्च करावेत, एवढी साधी गोष्ट उमजायला मला दोन मोसम लागले. पुढे सांगितलेल्या बऱ्याचशा चुका याच एका चुकीच्या पोटी जन्मलेल्या आहेत.

नियमावली न वाचता केलेली खरेदी

भारतात अधिकृत शर्यतींना फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाची मान्यता असते आणि भाग घेण्यासाठी याच संस्थेचा परवाना लागतो. प्रत्येक गटाची नियमावली वेगळी असते; कोणत्या गटात एक्झॉस्ट किंवा एअर फिल्टर बदलता येतो आणि कोणत्या गटात गाडी कारखान्यातून आली तशीच ठेवावी लागते, हे तिच्यात स्पष्ट लिहिलेले असते. ती न वाचता घेतलेला महागडा एक्झॉस्ट मूळ स्वरूपातील गाड्यांच्या गटात तुम्हाला थेट बाद करू शकतो. गट आधी ठरवावा, त्याची नियमावली छापून घ्यावी आणि मगच गाडी शोधायला निघावे.

किंबहुना पहिल्या वर्षी गाडी घ्यावीच का, याचाही विचार करावा. टीव्हीएसची वन मेक चॅम्पियनशिप किंवा २०२१ पासून होणारी रॉयल एनफिल्डची काँटिनेंटल जीटी कप अशा स्पर्धांमध्ये सर्वांना सारख्याच गाड्या मिळतात, त्यामुळे गाडी बाळगण्याचा व ती तयार करण्याचा खर्च वाचतो. मात्र गाडी पडली तर नुकसानभरपाई कोणी आणि किती द्यायची, हे कलम सही करण्यापूर्वी नीट वाचावे. गाडी स्वतःचीच घ्यायची असेल तर दीडशे ते दोनशे सीसीची, जुनी आणि रोख पैसे देऊन घेतलेली बरी. नेहमीच्या मोटार विम्यातून संघटित शर्यती आणि वेगचाचणी हा वापर वगळलेला असतो, त्यामुळे ट्रॅकवर मोडलेल्या गाडीचे हप्ते मुकाट्याने भरत राहण्याची पाळी येते. मातीच्या ट्रॅकवरील शर्यती हाही एक स्वस्त रस्ता आहे आणि तेथे पडण्याची भीती लवकर मोडते. डांबरी ट्रॅकवाले त्याकडे नाक मुरडतात, तो त्यांचा प्रश्न.

घाटातला ‘सराव’

लवासाच्या रस्त्यावर रविवारी पहाटे गुडघा टेकवणाऱ्याला आपण अर्धे रेसर झालो आहोत असे वाटते. कायद्याने ते मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८९ खाली येते, ज्यात पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय घाट शिकवतो तेही चुकीचे. तेथे अर्धाच रस्ता आपला असतो आणि वळणापलीकडचे दिसत नाही, त्यामुळे शरीराला आखडून चालवण्याची सवय लागते. ट्रॅकवर मात्र वळणाच्या बाहेरच्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत आणि परत बाहेरपर्यंत संपूर्ण रुंदी वापरायची असते. ती जडलेली सवय मोडण्यातच माझे सुरुवातीचे कित्येक लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) गेले.

काटकसर कोठे करू नये

हेल्मेट जुने कधीही घेऊ नये, मग ते कितीही ‘एकदाच वापरलेले’ असो. आतील थर आघाताने दबला आहे की नाही, हे वरून दिसत नाही. रस्त्यावर चालणारे आयएसआय हेल्मेट शर्यतीआधी होणाऱ्या तपासणीत चालेलच असे नाही. ईसीई किंवा स्नेल या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार प्रमाणित आणि दुहेरी ‘डी’ कड्यांचा पट्टा असलेले हेल्मेट पाहावे. चामड्याचा एकसंध सूट मात्र वापरलेला घ्यायला हरकत नाही. त्याची शिवण कोपर, खांदा व नितंब येथे ताणून पाहावी आणि तो घालून गाडीवर वाकून बसावे. उभे असताना छान बसणारा सूट वाकल्यावर मानेला दाबत असेल तर तो आपल्या मापाचा नाही.

तपासणीच्या रांगेत उघडकीस येणाऱ्या चुका

राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धांच्या बऱ्याच फेऱ्या चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील ट्रॅकवर किंवा कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होतात. पुण्याहून सुमारे १२०० किलोमीटर गाडी वाहून न्यायची आणि तेथे एका बोल्टपायी तपासणीत अडकायचे, यासारखा मनस्ताप नाही. ऑइलचा ड्रेन बोल्ट, ऑइल भरण्याचे झाकण आणि ऑइल फिल्टर हे तारेने बांधलेले असावे लागतात. त्यासाठी बोल्टच्या डोक्याला बारीक छिद्र पाडावे लागते आणि ड्रिलची दीड मिलिमीटरची सुई हमखास मोडते. म्हणून हे काम घरी, सुट्या बोल्टवर, चार सुया आणि थोडे ऑइल जवळ ठेवून करावे. तार अशा दिशेने ओढावी की बोल्ट सैल होऊ लागला तर ती त्याला पुन्हा आवळण्याच्या बाजूला खेचेल. मी पहिल्यांदा ती उलटी बांधली होती आणि तपासनिसाने काही न बोलता केवळ बोटाने गोल फिरवून दाखवले.

आरसे, इंडिकेटर व साइड स्टँड काढावेत आणि हेडलाइट तशीच राहणार असेल तर तिच्या काचेवर चिकटपट्टी लावावी. रेडिएटर असलेल्या गाडीत कूलंटऐवजी साधे पाणी भरावे, कारण ग्लायकॉलयुक्त कूलंट ट्रॅकवर सांडले तर मागून येणाऱ्यांसाठी ते ऑइलइतकेच निसरडे ठरते. घरी परतल्यावर मात्र ते पाणी आठवणीने काढावे, नाहीतर आतून गंज धरतो.

ट्रॅकवर काय बिघडते आणि का

सर्वांत घाबरवणारा बिघाड म्हणजे पाच-सहा लॅपनंतर ब्रेकचा लिव्हर मऊ पडणे. माझा लिव्हर सरळ रस्त्याच्या शेवटी, नेमका ब्रेक मारायच्या क्षणी थेट मुठीला येऊन टेकला; मी दोनदा पंप केला, वेग थोडा उतरला आणि गाडी वाळूत जाऊन आडवी झाली. ब्रेक पॅड नवे होते. दोष होता दोन वर्षे न बदललेल्या ब्रेक ऑइलचा. हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा मुरल्यावर तो १५५ अंशांच्या आसपास येतो आणि उकळून तयार झालेली वाफ लिव्हरचा सगळा जोर गिळून टाकते. प्रत्येक मोसमाच्या आधी ताजी, सीलबंद बाटली फोडून संपूर्ण ऑइल बदलावे. गाडीतला हा बहुधा सर्वांत स्वस्त सुटा भाग आहे.

टायरच्या बाबतीत चूक होते ती हवेची. ट्रॅकवर टायर तापून दाब चार-सहा पीएसआयने सहज वाढतो, त्यामुळे सकाळी थंड टायरवर पेट्रोल पंपावरच्या काट्याने भरलेला आकडा दुपारी निरर्थक ठरतो. स्वतःचा एकच गेज बाळगावा, पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवण्याच्या जागेत) शिरताच दाब मोजावा आणि तो वहीत लिहावा. मागचे चाक वळणातून बाहेर पडताना सरकू लागले की नवशिका लगेच नवा टायर मागतो. त्याआधी दाब तपासावा, टायरच्या कडेवरील चार आकड्यांवरून तो कोणत्या आठवड्यात आणि वर्षी बनला ते पाहावे आणि आपण थ्रॉटल गाडी सरळ होण्यापूर्वीच तर उघडत नाही ना, हेही स्वतःला विचारावे. माझ्या बाबतीत दहापैकी सात वेळा हे शेवटचेच कारण निघाले.

गाडी सरळ रस्त्यावर मागे पडते म्हणून इंजिन उघडणाऱ्यांनी आधी स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ती दातेरी चक्रे) पाहावे. ब्रेक मारण्याच्या खुणेच्या बऱ्याच आधी शेवटच्या गिअरमध्ये आरपीएम कमाल मर्यादेला टेकत असतील तर पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात वाढवावा, आणि शेवटचा गिअर पडतच नसेल तर एक कमी करावा. पुढचा एक दात मागच्या सुमारे तीन दातांइतका फरक पाडतो. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. स्प्रॉकेट, हवा आणि मागचा शॉक अॅब्झॉर्बर एकाच सेशनमध्ये बदलले तर सुधारणा कशामुळे झाली, हे कोणालाच सांगता येणार नाही.

प्रवास आणि सोबत

एकट्याने जाऊ नये. तिघांच्या गाड्या एका पिकअपमध्ये बांधल्या तर भाडे तिघांत विभागते, आणि पुण्याहून सातारा, कोल्हापूर, बेळगाव, बंगळुरू करत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ इरुंगट्टुकोट्टईवरूनच पुढे चेन्नईला जातो. रेल्वेने पार्सल करायचे असेल तर टाकी रिकामी हवी आणि आरसीची प्रत जवळ हवी. चेन्नईच्या उन्हात चामड्याच्या सूटमध्ये वीस मिनिटे चालवल्यावर डोके काम करेनासे होते. मीठ-लिंबाचे सरबत नेणे हे सुटे भाग नेण्याइतकेच गरजेचे आहे.

पडल्यानंतर

सुट्या भागांच्या पेटीत क्लच व ब्रेकचे लिव्हर, गिअरचा लिव्हर, दोन्ही बाजूंचे फूटपेग आणि हँडलबार एवढे असले तरी बहुतेक साध्या पडण्यांतून त्याच दिवशी पुन्हा उभे राहता येते. पडल्यावर हँडल एका बाजूला वळलेले दिसले की फोर्क (पुढच्या चाकाला धरणाऱ्या दोन नळ्या) वाकला असे समजून दिवस सोडून देणारे मी अनेक पाहिले आहेत. पुष्कळदा फोर्क वाकलेला नसतो, नुसता क्लॅम्पमध्ये (नळ्यांना आवळून धरणाऱ्या पकडीत) पिळला गेलेला असतो. पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरावे, खालच्या क्लॅम्पचे बोल्ट आणि चाकाचा अॅक्सल सैल करावा, हँडल झटका देऊन सरळ करावे, पुढचा ब्रेक दाबून फोर्क दोन-तीनदा खाली-वर करावा आणि मग सगळे क्रमाने आवळावे. त्यानंतरही समोरून पाहताना दोन्ही नळ्या एका रेषेत दिसत नसतील, किंवा फोर्क दाबल्यावर मध्येच अडकत असेल, तर मात्र नळी खरोखर वाकलेली आहे आणि त्या शनिवार-रविवारी ती गाडी पिकअपमध्येच बांधावी.