घामानं नाटकातली खोटी मिशी सुटायली तर: माझा अनुभव

परभणीत हौशी ग्रुपमधी नाटक करतो, रोल पाटलाचा, मिशी जाड. दुसऱ्या अंकात मिशीचं उजवं टोक उचलायचं, मग हळूहळू मधला भाग. मे महिना, पारा ४० च्या वर अन् हॉलला एसी नाही. तीन प्रयोग मी वाक्य सोडून मिशीच धरायलो, लई रडू यायचं राव.

आधी स्पिरिट गम (खोटी मिशी-दाढी कातडीला चिकटवायचा मेकअपचा गम) जास्त लावला, तो वाळलाच नाही. दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप घामानं गेला.

खरी चूक ही होती की मी फाउंडेशनवर मिशी चिकटवायलो होतो. म्हणून आधी मेकअप नाहीच. दाढी सकाळी उरकायची, ऐन वेळी केली तर गम झोंबतो. ओठावरची जागा साबणानं धुवायची, कोरडी करायची, कापसावर सर्जिकल स्पिरिट घेऊन पुसायची अन् पूर्ण वाळू द्यायची (हे पेटतं, ग्रीनरूममधली उदबत्ती लांब ठेवा). मग स्पिरिट गमचा पातळ थर कातडीला, टोकांना किंचित जास्त, आणि बोटानं टपटप करत राहायचं, बोट चिकटून उचलायला लागलं की झालं. तोंड सैल ठेवून मिशी नाकाखालच्या खळगीपासून बसवायची, ओलसर सुती रुमालानं आधी मध्ये दाबायची मग टोकं. मेकअप त्यानंतर, मिशीच्या कडेपर्यंतच.

विंगेत घाम टिपायचा, पुसायचा नाही. काढताना ओढू नका, कडेला खोबरेल तेल मुरू द्या, आपोआप सुटते.

परवाच्या प्रयोगात भांडणाचा सीन धरून दोन्ही अंक मिशी जागची हलली नाही.