सबसिडी बदलली की पिकाचा हिशोब नव्याने कसा मांडायचा

सरकारने अनुदान वाढवलं, कमी केलं किंवा जुनं बंद करून नवीन नावाने आणलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, आपल्याला किती मिळणार. प्रश्न बरोबर आहे पण तो दुसऱ्या नंबरचा आहे. आधी हे बघायचं की पैसे कशाला बांधलेले आहेत, कारण त्यावरच ठरतं की बदल फक्त तुमच्या खिशाला लागणार की पेरणीच बदलायला लागणार.

ढोबळमानाने चार जागा आहेत. एक, पैसे पिकाला बांधलेले, म्हणजे ठराविक पीक लावलं किंवा विकलं तरच मिळतात, हमीभावाने खरेदी यातच आली. दोन, निविष्ठांना, म्हणजे खत, वीज, पाणी, बियाणं स्वस्त. तीन, जमिनीला किंवा खात्याला, काहीही पेरा, रक्कम येणार. चार, एखाद्या कामाला, जसं की काही जमीन पडीक ठेवणं, झाडं लावणं, रसायनं कमी वापरणं. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासून लागू असलेल्या शेती करारात अनुदानांचे अंबर बॉक्स, ब्लू बॉक्स, ग्रीन बॉक्स असे गट केलेत ते साधारण याच कारणाने, अंबरमधला पैसा उत्पादन ओढतो, ग्रीनमधला ओढत नाही किंवा फार थोडा ओढतो, आणि ब्लू या दोन्हींच्या मधला असं धरलेलं असतं.

आता कागद घ्या आणि प्रत्येक पिकासमोर दोन आकडे वेगवेगळे लिहा, एक अनुदानाशिवाय उरणारा पैसा आणि दुसरा अनुदान. एकत्र लिहायचं नाही, सगळी गंमत इथेच आहे. समजा पहिल्या पिकात एकरी १०० येतात, ७० खर्च, उरले ३०, आणि त्या पिकाला २० अनुदान, म्हणजे ५०. दुसऱ्या पिकात ९० येतात, ५० खर्च, उरले ४०, अनुदान शून्य. साहजिकच पहिलं पीक जिंकलं. आता सरकारने तेच २० पिकाऐवजी जमिनीला बांधले. पहिलं पीक चालू ठेवलं तर हातात परत ५०च, काहीच बदललं नाही असं वाटतं, आणि बरेच जण तिथेच थांबतात. पण दुसऱ्या पिकाचे आता ६० झाले, म्हणजे जुन्या सवयीने पेरत राहिलात तर एकरी १० सोडून देताय. आणि उद्या ते २० पूर्ण बंद झाले तरी ३० विरुद्ध ४०, निर्णय तोच, फक्त घर चालवायला पैसा कमी. म्हणून मी म्हणतो की कमाई आणि पेरणी हे दोन वेगळे हिशोब आहेत, एकाच बातमीने दोन्ही हलतात असं नाही.

युरोपात हे टप्प्याटप्प्याने झालंय. युरोपीय देशांच्या सामाईक शेती धोरणाच्या १९९२ च्या सुधारणेत धान्याचा आधारभाव तीन वर्षांत साधारण ३० टक्क्यांनी खाली आणायचा ठरला आणि त्याची भरपाई हेक्टरी रकमेने दिली, पण ती रक्कम अजून पिकालाच चिकटलेली होती. २००३ च्या सुधारणेपासून बरीचशी रक्कम पिकापासून सोडवली. पैसा मिळत राहिला पण अमुकच पेरायचं हे बंधन सुटलं.

तरीही जमिनीला बांधलेला पैसा पेरणीवर अजिबात परिणाम करत नाही असं समजू नका. तो दाखवून कर्ज मिळतं, जोखीम घ्यायची हिंमत येते, आणि मुख्य म्हणजे पुढच्या वेळी कुठल्या वर्षांचा पेरा धरतील ही शंका डोक्यात राहते. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने रक्कम जुन्या पेऱ्यावर ठरवून पेरायची मोकळीक दिली होती, आणि २००२ च्या कायद्यात १९९८ ते २००१ च्या पेऱ्यावरून तो आधार बदलून घ्यायची सोय दिली. मग काही जण फायद्याचं नसलेलं पीकही नुसतं नोंदीसाठी धरून ठेवतात. तसं करायचं असेल तर करा, पण त्या नोंदीची वर्षाची किंमत काय पडतेय ती कागदावर लिहून करा.

निविष्ठांच्या अनुदानात वेगळा सापळा असतो, तिथे एकमेकांच्या तुलनेतल्या किमती बघाव्या लागतात. भारताचं उदाहरण घ्या, एप्रिल २०१० पासून स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) यांच्या खतांना अन्नद्रव्याच्या हिशोबाने ठरलेलं अनुदान आलं आणि त्यांच्या किमती वर गेल्या, युरिया, म्हणजे नत्राचं (नायट्रोजनचं) खत, मात्र बाहेर ठेवला, त्याची किंमत सरकारनेच बांधलेली. मग लोकांनी काय केलं? जे स्वस्त ते टाकलं. देशाचं नत्र स्फुरद पालाश वापराचं प्रमाण २००९-१० मध्ये ४.३ : २ : १ होतं ते २०१२-१३ ला ८.२ : ३.२ : १ झालं. प्रत्येकाने आपल्यापुरतं शहाणपणच केलं पण जमिनीला काय पाहिजे हे कुणी विचारलंच नाही. खत महागलं की सगळ्या रानात सारखी कपात करू नका, आणि स्वस्त झालं म्हणून जास्तही ओतू नका. दर वेळी शेवटच्या गोणीचा हिशोब करायचा, ही एक गोणी जास्त टाकली तर माल किती वाढेल गुणिले भाव, आणि गोणीची आजची किंमत. माती तपासलेली असेल तर कुठल्या तुकड्यात शेवटची गोणी वाया जातेय ते कळतं, कपात तिथून सुरू करायची.

यंत्र, शेड, फळबाग असल्या लांबच्या गोष्टी अनुदानावर घेताना दोन गोष्टी बघा. अनुदान कापून जेवढ्याला पडतंय तेवढ्यालाच तशीच वस्तू बाहेर बिनअनुदानाची मिळते का, कारण अनुदान जाहीर झालं की कोटेशन आपोआप फुगतं हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. दुसरं, अर्ध्या आयुष्यात योजना बंद पडली तर ती वस्तू स्वतःचा खर्च काढेल का. नाही म्हणत असाल तर घेऊ नका, मग कितीही टक्के असू देत.

खंडाने जमीन करणाऱ्यांनी हे नीट वाचा. जमिनीला बांधलेलं अनुदान वाढलं की काही वर्षांत खंड वाढतो, म्हणजे पैसा शेतकऱ्याच्या नावाने येतो आणि काही भाग मालकाकडे जातो. अमेरिकेतल्या २००९ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात अनुदानाच्या प्रत्येक वाढीव डॉलरमागे साधारण २५ सेंट खंडात जातात असं निघालं. उलट अनुदान कमी झालं की खंड आपणहून लगेच कमी होत नाही, तो मागावा लागतो. त्यामुळे करारात अनुदान कुणाच्या खात्यात येणार आणि बंद झालं तर खंड किती उतरणार हे आधीच लिहून घ्या, तोंडी ठरवलेलं ऐनवेळी कुणाला आठवत नाही.

मग वेळ. जाहीर झालेला पैसा आणि हातात आलेला पैसा एक नसतो. थायलंडने २०११ मध्ये भात बाजारापेक्षा खूप जास्त भावाने, टनाला १५,००० बाट, घ्यायला सुरुवात केली, लोकांनी भात वाढवला, लवकर येणारे हलके वाणही लावले कारण भाव तर ठरलेलाच होता, आणि २०१३ च्या शेवटी पैसे अडकले, शेतकरी रस्त्यावर आले, २०१४ मध्ये योजना संपली. हिशोबात उशीर धरायचाच. वर्षाला १२ टक्क्यांनी उचल घेतली असेल आणि अनुदान आठ महिने उशिरा आलं तर त्यातले ८ टक्के व्याजातच गेले.

अजून एक गोष्ट लोक विसरतात, बातमी तुम्ही एकट्याने वाचलेली नाही. एका पिकाचा आधार काढून दुसऱ्याला दिला की सगळेच तिकडे वळतात आणि त्या पिकाचा भाव पडतो. चीनने २०१६ मध्ये ईशान्येकडच्या प्रांतांत मक्याची ठरलेल्या भावाने साठा खरेदी थांबवली तेव्हा मक्याचा पेरा कमी झाला आणि सोयाबीनकडे जमीन वळली. म्हणून नवीन पिकाचा भाव या वर्षीचा धरू नका, थोडा कमी धरून बघा, तरीही परवडत असेल तरच पूर्ण रान वळवा नाहीतर एक तुकडा.

सगळंच बंद झालं तर काय होतं ते न्यूझीलंडमध्ये बघायला मिळतं. १९८४ मध्ये नवीन सरकार आलं, रॉजर डग्लस अर्थमंत्री, आणि शेतीची बहुतेक अनुदानं थोड्याच वर्षांत गेली. १९८२ च्या सुमाराला तिथे ७ कोटी मेंढ्या होत्या, आता अडीच कोटींच्या आसपास, अर्थात त्यात लोकरीचे पडलेले भाव आणि दुधातला चांगला पैसा हेही आहे. जमिनीच्या किमती पडल्या, कर्जावर जमीन घेतलेले सगळ्यात जास्त अडकले, खतावरचा खर्च आधी कापला गेला. दहातला एक तरी शेतकरी बाहेर पडेल असा अंदाज होता, प्रत्यक्षात जबरदस्तीने विकावी लागलेली शेतं साधारण १ टक्का होती. पण पहिली काही वर्षं फार वाईट गेली, तो १ टक्क्याचा आकडा दाखवून कुणी सोपं होतं म्हणत असेल तर ऐकू नका. त्यातून घ्यायचं एवढंच की उत्पन्नातला किती हिस्सा अनुदानाचा आहे तो टक्का काढा, शेजारी कर्जाचा वर्षाचा हप्ता लिहा, आणि अनुदान शून्य धरून हप्ता जातो का बघा. जात नसेल तर पीक बदलण्याच्या आधी बँकेत जाऊन मुदत वाढवून घ्या, अनुदान चालू असतानाच, कारण बंद झाल्यावर तीच बँक वेगळ्या तोंडाने बोलते.

चौथ्या प्रकारच्या, म्हणजे कामाला बांधलेल्या योजनेत शिरायचं असेल तर पैसे संपल्यावर अर्ज घेणं बंद करायचा अधिकार सरकारकडे आहे का ते वाचा. इंग्लंडमध्ये मार्च २०२५ मध्ये अशा एका मोठ्या योजनेचे नवीन अर्ज अचानक थांबवले, आधीचे करार चालू राहिले पण अर्ज भरायच्या तयारीत असलेले लटकले. करार हातात येईपर्यंत त्या कामावर खर्च करू नका, आणि पेऱ्याच्या नोंदी, पावत्या, फोटो वर्षवार लावून ठेवा, कारण पुढच्या योजनेचा आधार कुठल्या वर्षावर धरतील ते आत्ता कुणीच सांगू शकत नाही.