पाणी तुंबू नये म्हणून धडपडताना या चुका टाळा

पावसाळा तोंडावर आला की नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या बैठकांत तेच ते ठराव होतात: गटारं साफ करा, मोठा पंप घ्या. भरतीचं वेळापत्रक मात्र कुणी उघडत नाही.

फक्त पाऊस बघणं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. वाशी, नेरूळ, बेलापूरचा बराच भाग खाडीकाठी भराव घालून वसवलाय, म्हणूनच सिडकोने धारण तलाव बांधले. भरतीला खाडीकडच्या झडपा मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं आणि ओहोटी लागली की खाडीत उतरतं. तलावच गाळाने भरला असेल तर गटार कितीही लख्ख करा, पाणी जाणार कुठे? त्यात समुद्राची पातळी चढतेय, म्हणजे झडपा मिटलेल्या राहण्याचा वेळ वाढणार.

वाशीतल्या एका सोसायटीने वर्गणी काढून मोठा पंप आणला. जुलैतल्या एका रात्री तळघरात गुडघाभर पाणी, पंप धडधडतोय, पाइप सोडलाय समोरच्या गटारात. गटार आधीच काठोकाठ. चार पावलांवरच्या जाळीतून तेच पाणी उसळून रॅम्पवरून परत तळघरात उतरत होतं. मी सेक्रेटरींना म्हटलं, "काका, पंप थांबवा, ओहोटी लागू द्या." "एवढे पैसे घातलेत, बंद कसा करू?" पहाटे मोटार जळाली. खरा खर्च करायला हवा होता तो रॅम्पच्या तोंडाशी उंचवटा घालण्यावर आणि वीजमीटर वर घेण्यावर.

मी मे महिन्यातच भरतीचं वेळापत्रक लिफ्टशेजारी लावतो. साडेचार मीटरच्या वरच्या तारखांना लाल गोल. त्या दिवशी मुसळधारेचा इशारा असला की तळघरातल्या गाड्या आदल्या रात्रीच बाहेर.

आवार फूटभर उंच करणं. तुमचं पाणी शेजारच्या बैठ्या घरांत शिरतं. हा उपाय नव्हे.

मुंबईचा 2022चा हवामान कृती आराखडा जसाच्या तसा उचलणं. या कामात नव्याने आलेल्या मुलांना याची फार घाई असते. मुंबईची मदार मोठ्या पंपिंग स्टेशनांवर, आपली धारण तलावांवर. आधी एकदा भरतीच्या वेळी तलावाच्या काठावर जाऊन उभे राहा.

ठाण्यात घोडबंदरला प्लॉट चौकोनी करण्यासाठी नाला वळवणं. येऊरच्या डोंगरातून येणारं पाणी जुन्याच वाटेने उतरू पाहतं.

तलावातला गाळ काढण्याचा अर्ज मे महिन्यात करणं. तलावांत खारफुटी उगवलीय आणि ती तोडणं हे घटनेच्या कलम 14 आणि 21चं उल्लंघन आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2018मध्ये ठरवलंय. ते योग्यच आहे. पण त्यामुळे परवानगीला वेळ लागतो. विभाग कार्यालयात पत्र द्यायचं ते दिवाळी संपताच.