स्वतंत्र पियानो-शिक्षकाचे दप्तर : खानदेशातील अनुभव

खानदेशात पियानोची शिकवणी म्हणजे बहुतेक वेळा कीबोर्डची शिकवणी असते. जळगाव, भुसावळ, धुळे किंवा नंदुरबारला घरात लाकडी पियानो असलेला विद्यार्थी क्वचितच भेटतो. पालकांनी हौसेने घेतलेला ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड मात्र सर्रास आढळतो, आणि जी मुले टिकतात त्यांच्यापैकी काहींच्या घरी पुढे वजनदार पट्ट्यांचा, ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो येतो. पेटीचे क्लास आपल्याकडे पूर्वापार चालत आले आहेत. त्यामुळे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचा हिशेब पालकांच्या डोक्यात पक्का असतो आणि ‘विशारद कधी होणार?’ हा प्रश्न पियानो शिकवणाऱ्यालाही विचारला जातो. अशा ठिकाणी नव्याने शिकवणी सुरू करणाऱ्याला सल्ला विचारायला जवळपास दुसरा पियानो-शिक्षक नसतो. शिक्षक, कारकून, हिशेबनीस आणि ग्रंथपाल ही चारही कामे त्याला एकट्यालाच ओढावी लागतात, आणि शेवटच्या तीन कामांची घडी बसलेली नसली की पहिल्या कामाचा वेळ तीच खाऊन टाकतात.

नव्या शिक्षकाचा पहिला ओढा साहित्य जमवण्याकडे असतो. फुकट मिळणाऱ्या पीडीएफ इतक्या आहेत की पाहता पाहता फोन भरून जातो, आणि शिकवताना हवी ती नेमकी सापडत नाही. माझे मत असे आहे की आधी विद्यार्थ्यांच्या नोंदींची व्यवस्था लावावी आणि त्या नोंदी जे मागतील तेवढेच साहित्य उतरवून घ्यावे.

नोंदींसाठी मी गूगल शीट वापरते. एकच फाईल, तिच्यात प्रत्येक विद्यार्थ्याचे स्वतंत्र पान, आणि पानावर तारीख, ऐकलेली रचना, अडलेली जागा, मेट्रोनोमची (ठोके देणाऱ्या लययंत्राची) गती आणि दिलेला गृहपाठ एवढेच रकाने. याहून अधिक रकाने केले तर महिन्याभरात ते रिकामे राहू लागतात. नोंद लिहिण्याची योग्य वेळ म्हणजे तास संपल्यावर, पुढचे मूल दारात चपला काढत असतानाचा मिनिटभर. रात्री जेवणानंतर लिहायला बसले की सगळी मुले एकसारखी वाटू लागतात. नोंद कशी असावी याचे एक उदाहरण देते. बुर्गम्युलर या रचनाकाराच्या ओपस १०० (ओपस म्हणजे रचनासंग्रहाचा क्रमांक) मधील दुसरी रचना, ‘आराबेस्क’, आपल्याकडे बऱ्याच मुलांना आवडते. तिच्या सुरुवातीला उजव्या हाताकडे असलेली सोळांश (एका मात्रेत चार) स्वरांची धाव दुसऱ्या भागात डाव्या हाताकडे जाते आणि तेथेच बहुतेकांचा वेग कोसळतो. अशा वेळी ‘सराव कमी पडतो’ असे लिहिले तर ते वाक्य वर्गातल्या कोणत्याही मुलाच्या नावापुढे शोभते, म्हणून त्याचा काही उपयोग होत नाही. ‘आराबेस्क, दुसरा भाग, फक्त डावा हात, गती ८०, मनगट ताठ होते, शेवटची दोन बोटे कमी ऐकू येतात’ असे लिहिले, तर पुढच्या आठवड्यात तास कोठून सुरू करायचा हे आपोआप ठरते. हेच वाक्य मुलाच्या वहीतही उतरवून द्यावे, आणि ती वही कागदाचीच असावी. पियानोवर मोबाईल उघडून ठेवला की त्यावर फक्त गृहपाठच दिसेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

फाईलींच्या नावांबाबत मात्र पहिल्या दिवसापासून काटेकोर राहावे. रचनाकार, ओपस, क्रमांक, रचनेचे नाव, हा क्रम कधीही मोडू नये. मग ‘बुर्गम्युलर-१००-०२-आराबेस्क’ ही फाईल आपोआप ‘०१’ नंतर आणि ‘०३’ च्या आधी जाऊन बसते. एक अंकी क्रमांकापुढे शून्य लावण्याचे कारणही हेच आहे, नाहीतर दहावी रचना दुसरीच्या आधी येते. मुलांच्या व्हिडिओंना वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख द्यावी. मूळ प्रत नेहमी कोरी ठेवावी आणि बोटांचे क्रमांक व खुणा केलेली प्रत ‘खुणांसह’ असा शेवट जोडून वेगळी ठेवावी, कारण एका मुलाच्या लहान पंजासाठी लिहिलेले बोटांचे क्रमांक दुसऱ्याला अडचणीचे ठरतात. हे सर्व गूगल ड्राइव्हवर ठेवता येते, पण फुकट मिळणारी १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. व्हिडिओ साठू लागले की ती संपते आणि कधी कधी पहिला फटका ई-मेललाच बसतो. म्हणून व्हिडिओ दर तिमाहीला बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवावेत. चालू आठवड्यात लागणाऱ्या फाईली फोनवर किंवा टॅब्लेटवर ऑफलाइन उतरवून ठेवाव्यात, कारण उन्हाळ्यात वीज गेली की वायफायही जाते. ६१ पट्ट्यांचे बरेच कीबोर्ड सेलवर चालतात, पण सेल घालून ठेवण्याची आठवण पालकांना आपणच करून द्यावी लागते.

साहित्याचा सर्वांत मोठा खुला साठा म्हणजे २००६ मध्ये सुरू झालेले आयएमएसएलपी हे संकेतस्थळ, अर्थात पेत्रुच्ची म्युझिक लायब्ररी. चेर्नीचा ओपस ५९९, बुर्गम्युलरचा ओपस १००, क्लेमेंटीच्या ओपस ३६ च्या सोनाटिना, शूमानचा १८४८ मधील ओपस ६८ आणि आना माग्दालेना बाखच्या वहीतील नृत्यरचना एवढ्यावर पहिली कित्येक वर्षे निघतात. त्या वहीतील बाखच्या नावाने प्रसिद्ध असलेला जी मेजरमधील मिन्युएट खरे तर क्रिस्टियान पेत्सोल्डचा आहे. फाईलीला नाव देताना हे पाळावे, म्हणजे परीक्षेच्या पुस्तकात तो पेत्सोल्डच्या नावाखाली आला तर गोंधळ होत नाही. या साठ्यावरील कायदेशीर खुणा मुख्यतः कॅनडा, अमेरिका आणि युरोप यांच्या हिशेबाने असतात. भारतात रचनाकाराच्या मृत्यूच्या वर्षानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. बार्टोक १९४५ मध्ये वारला, म्हणून त्याने मुलांसाठी लिहिलेल्या रचना आपल्याकडे २००६ च्या आरंभापासून खुल्या आहेत. काबालेव्हस्की १९८७ मध्ये गेला, त्यामुळे त्याच्या बालरचना २०४७ अखेरपर्यंत विकत घेतलेल्या पुस्तकातूनच शिकवाव्यात. शिकवण्याच्या ओघात प्रत काढण्याबाबत कायद्यात काही सवलत आहे, परंतु ती चालू पुस्तकाची संपूर्ण पीडीएफ गटांवर वाटत सुटण्याची मुभा नव्हे.

खुल्या प्रतींबाबत एक सावधगिरी हवी. त्यांपैकी अनेक एकोणिसाव्या शतकातील किंवा विसाव्या शतकाच्या आरंभीच्या संपादित आवृत्त्या असतात, आणि संपादकाने आपल्या आवडीच्या स्लर (स्वर जोडून वाजवण्याची कमान), पेडल व गतीच्या खुणा त्यांत सढळ हाताने भरलेल्या असतात. बाखच्या छोट्या मिन्युएटवर अशा खुणांची गर्दी दिसली तर दुसरी आवृत्ती शोधावी. एकच रचना दोन आवृत्त्यांत शेजारी ठेवून पाहणे हा शिक्षकाच्या स्वतःच्या अभ्यासाचाही चांगला मार्ग आहे.

आपल्या भागात नुसत्या चेर्नीवर शिकवणी चालत नाही, हेही मान्य करावे लागते. गणपतीत आरती, घरी पाहुणे आल्यावर एखादे मराठी गाणे, शाळेच्या संमेलनात राष्ट्रगीत, एवढे मुलाला वाजवता आले पाहिजे ही पालकांची अपेक्षा रास्तच आहे. यासाठी म्युझस्कोअर हे विनामूल्य सॉफ्टवेअर शिकून घ्यावे. तेथे एक घोटाळा हमखास होतो : लेखनाचे सॉफ्टवेअर पूर्णपणे फुकट आहे, पण त्याच नावाच्या ज्या संकेतस्थळावर लोकांनी चढवलेली स्वरलेखने मिळतात तेथे वर्गणी मागितली जाते, आणि नवा माणूस सॉफ्टवेअरच पैशाचे आहे असे समजून परत फिरतो. म्युझस्कोअरमध्ये गाण्याच्या शब्दांची जी ओळ असते तिच्यात देवनागरी चालते. पेटी शिकून आलेल्या मुलासाठी मी त्या ओळीत सारेगम लिहिते. वर पाच रेघांवरचा स्वर आणि खाली ओळखीचे नाव असे काही आठवडे दिले की खालची ओळ काढून टाकता येते. एक फरक मात्र आधीच समजावून द्यावा : पेटीवर सा कोणत्याही पट्टीत धरता येतो, पण पियानोवर सी (C) या स्वराची पट्टी जागची हलत नाही. पडद्यावरून रंगीत पट्ट्या खाली पडत येतात आणि त्या पाहून बोट ठेवायचे असते, अशी अॅप मुलांना फार आवडतात. मी त्यांना विरोध करत नाही, पण त्यांच्यामुळे वाचन येत नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

परीक्षांची माहिती पालकांना एका पानावर लिहूनच द्यावी. ट्रिनिटी कॉलेज लंडन आणि एबीआरएसएम या दोन्ही मंडळांच्या आठ श्रेणी असतात, आणि दोन्हीकडे त्याआधी इनिशियल ही पायरी असते. एबीआरएसएममध्ये सहावीपासून पुढच्या पियानो-श्रेणींसाठी आधी पाचवी थिअरी किंवा मंडळाने मान्य केलेला पर्याय उत्तीर्ण असावा लागतो. ट्रिनिटीत तशी अट नाही. दोन्हीकडे आता व्हिडिओ पाठवून परीक्षा देण्याची सोय आहे, आणि पुणे-मुंबईच्या केंद्रापर्यंतचा प्रवास व मुक्काम वाचत असल्यामुळे खानदेशातल्या कुटुंबांसाठी ती मोठी गोष्ट आहे. एबीआरएसएमच्या परफॉर्मन्स परीक्षेत चार रचना मध्ये न थांबता सलग चित्रित कराव्या लागतात. पंखा बंद, दाराची घंटा बंद आणि फोन विमान मोडवर ठेवल्याशिवाय असा व्हिडिओ मिळत नाही, म्हणून चित्रीकरण पहाटे ठेवावे. एप्रिलच्या दुपारी जळगावात पंखा बंद करून सलग वाजव असे मुलाला सांगणे निर्दयपणाचे आहे. ज्यांच्याकडे साथीच्या तालांचा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आहे त्यांच्यासाठी ट्रिनिटीत इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हा स्वतंत्र विषय आहे आणि त्याचा अभ्यासक्रमही वेगळा आहे. पियानोची पुस्तके विकत घेण्याआधी मूल कोणत्या विषयाला बसणार हे ठरवावे.

ऑनलाइन तास झूमवर घेताना ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ ही सोय दोन्ही बाजूंनी चालू करावी. ती बंद असेल तर सॉफ्टवेअर लांबवलेल्या स्वराला गोंगाट समजून गाळते आणि मुलाने पेडल लावले की नाही हेच कळत नाही. आवाज उशिरा पोहोचत असल्यामुळे एकत्र वाजवणे शक्य नसते, त्यामुळे आठवड्याच्या मध्यावर मागवलेला छोटा व्हिडिओ मला अधिक उपयोगी वाटतो. तो व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावा, म्हणजे चित्र व आवाज दाबला जात नाही. फोन उजव्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर ठेवला की दोन्ही मनगटे दिसतात.

पालकांशी व्यवहारासाठी व्हॉट्सअॅप बिझनेस आणि स्वतंत्र क्रमांक पुरेसा आहे. गटात प्रत्येकाचा क्रमांक सर्वांना दिसतो, ब्रॉडकास्टमध्ये तो दिसत नाही. मात्र ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच ब्रॉडकास्टचा निरोप पोहोचतो, हे प्रवेशाच्या दिवशीच सांगावे. शुल्क यूपीआयने घ्यावे आणि त्याच दिवशी शीटमध्ये चढवावे, कारण पैसे कोणत्या मुलाचे हे मामा-काकांच्या खात्यावरून आलेल्या रकमेवरून नंतर कळत नाही. भुसावळला रेल्वे किंवा आयुधनिर्माणीत नोकरीला असलेल्या पालकांना मासिक शुल्क सोयीचे पडते. शेतीवर घर चालवणाऱ्यांकडे पैसा कापूस विकल्यावर येतो, म्हणून त्यांच्यासाठी सहामाही शुल्काचा पर्याय ठेवावा आणि त्याच्या तारखा प्रवेशाच्या वेळीच लिहून घ्याव्यात. वर्षाचे कॅलेंडरही तेव्हाच द्यावे. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि श्रावणात कानबाईच्या उत्सवाला मुले येणार नाहीत हे ठाऊक असताना त्या आठवड्यात तास लावून नंतर भरपाईची चर्चा करत बसण्यात अर्थ नसतो.

मुलांचे व्हिडिओ आपल्याकडे असतात ते शिकवण्यासाठी. ते जाहिरातीसाठी वापरायचे असतील तर पालकांची लेखी संमती वेगळी घ्यावी. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानतो आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. प्रवेशाच्या गूगल फॉर्ममध्ये यासाठी एक स्वतंत्र प्रश्न असावा आणि ‘नाही’ असे उत्तर देणे तितकेच सोपे असावे.

नोकरदार पालकांच्या बदल्या होतात आणि चांगले मार्गी लागलेले मूल सत्राच्या मध्येच नागपूरला किंवा सोलापूरला जाते. त्या वेळी त्याच्या पानाची पीडीएफ काढून पालकांना द्यावी. झालेल्या रचनांची यादी, चालू रचनेची गती, परीक्षांची प्रमाणपत्रे आणि मनगटाबद्दलची ती एक ओळ त्यात असली की नव्या शिक्षकाला पहिला महिना चाचपडावे लागत नाही. त्यानंतर पालकांना विचारून आपल्याकडचे व्हिडिओ पुसून टाकावेत, शेअर केलेल्या फोल्डरची परवानगी काढावी आणि त्या मुलाचे पान ‘माजी विद्यार्थी’ या वेगळ्या फाईलीत हलवावे.