गपगार मेंढीवर विश्वास ठेवू नका

न्यूझीलंडमध्ये मेंढ्यांच्या कत्तलखान्यात व्हेटची नोकरी घेऊन येताय? मग विजेने भूल कशी चढते हे पाठ असेलच: डोक्यातून पुरेसा करंट गेला की फिटसारखा झटका सगळ्या मेंदूत पसरतो आणि शुद्ध जाते. मेंढीला किमान १ अँपिअर. इथे हलालसाठीही आधी बेशुद्ध करावंच लागतं आणि करंट फक्त डोक्यातून देतात. हृदय चालू राहतं; सुरी फिरली नाही तर मेंढी थोड्या वेळाने उठून उभी राहते.

मी फसलो ते पुढे. एक मेंढी लाथा झाडत होती, दुसरी गपगार. पहिलीपुढे मी 'फेल' लिहिलं, दुसरीपुढे 'ओके'. नेमकं उलटं! नीट झटका बसला की मेंढी आधी ताठरते, पुढचे पाय लांब, मागचे पोटाशी, श्वास बंद. मग लाथा सुरू होतात. त्या हव्यातच, घाबरू नका. माझ्या गपगार मेंढीच्या बरगड्या मात्र एका लयीत हलत होत्या. बुबुळाला बोट लावलं तर पापणी मिटली. करंट देणारा चिमटा मानेवर सरकला होता, मेंदूला पुरेसा करंट पोचलाच नव्हता. दमून ढिली पडलेली, पण जागी. चिमटेवाल्याने मला बाजूला सारून तिला लगेच दुसरा झटका दिला. आजही ती पापणी आठवली की घास अडकतो.

तसा हा घोळ जुनाच. १९०२ मध्ये फ्रान्सच्या नांत शहरात स्टेफान लेद्यूक यांनी तुटक, म्हणजे सतत चालू-बंद होणाऱ्या करंटने प्राण्यांना गुंगवलं, मग तोच करंट स्वतःच्या डोक्यातून घेतला. बोलता येईना, हलता येईना, पण जाणीव पूर्ण गेली नव्हती! हे मी फसल्यावर वाचलं. आधी वाचायला हवं होतं.

'व्होल्ट वाढव, होईल' म्हणणारा सीनियर भेटेलच. माझं मत विचाराल तर त्याच्यापासून लांब राहा. कोरडी लोकर आणि चिमट्याची मळलेली टोकं करंट अडवतात, तेव्हा अँपिअरचा आकडा बघा आणि चिमटा डोळा-कानाच्या मध्ये बसलाय का ते बघा. मला कामाचं जे काही आलं ते त्या चिमटेवाल्याकडून. फावला मिनिट मिळाला की तो तारेच्या ब्रशने टोकं घासत बसायचा.

पहिला महिना हात थरथरतो. माझाही थरथरायचा. तरी बोट बुबुळापर्यंत न्यायचंच, लाइनवरचे हसले तरी.