जपानी फूल-पक्ष्यांची प्रिंट हातात आली की आधी ती उलटी करा

काचो-ए म्हणतात या चित्रांना. का म्हणजे फूल, चो म्हणजे पक्षी, ए म्हणजे चित्र. होकुसाई आणि हिरोशिगे या जपानी चित्रकारांनी १८३० च्या दशकात यातली फार देखणी चित्रं केली, आणि पुढे ओहारा कोसोनने (१८७७-१९४५) तर जवळजवळ सगळं आयुष्य यालाच दिलं. अशी एखादी प्रिंट समोर आली की ती खरंच लाकडी ठशांवरून हाताने छापलेली आहे की मशीनवरची कॉपी, हे कसं ओळखायचं ते सांगते.

सगळ्यात आधी पाठ बघा, फ्रेममध्ये असेल तर शक्य झाल्यास बाहेर काढून. कागद कोझो नावाच्या झाडाच्या सालीच्या लांब धाग्यांचा असतो, छापताना तो ओलसर असतो आणि मागून बारेन नावाच्या बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चकतीने घासतात, त्यामुळे रंग वर बसून राहत नाही, कागदात मुरतो आणि मागच्या बाजूला चित्र पुसट का होईना दिसतं, कधी कधी बारेनचे गोल गोल फिरलेले माग पण दिसतात. पाठ एकदम कोरी पांढरी असेल तर मला तिथेच शंका येते. मग दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. रंगात बारीक ठिपक्यांची जाळी दिसली की ती मशीनची छपाई, विषय संपला.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. खोलीतला दिवा बंद करा आणि टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. पांढरा बगळा असेल तर समोरून तो नुसता कोरा कागद वाटतो, पण आडव्या उजेडात एकेक पीस उठून येतं! याला काराझुरी म्हणतात, शाई न लावता ठसा दाबून कागदालाच उठाव द्यायचा. फोटोत हे जवळपास दिसतच नाही, म्हणून फक्त स्क्रीनवर बघून कुठल्याही प्रिंटबद्दल मत बनवू नका असं मी सगळ्यांना सांगत असते. आकाश गडद निळ्यातून हळूहळू फिकट होत गेलं असेल तर ते बोकाशी. ती छाया छापणारा प्रत्येक वेळी ठशावर ब्रशने नव्याने करतो, त्यामुळे एकाच ठशाच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तरी आकाश थोडं वेगळं निघतं.

सहीवर मात्र फार विसंबू नका, कारण सही पण ठशातच कोरलेली असते आणि ठसे परत कोरून नंतरच्या काळात भरपूर प्रती निघाल्यात. सहीचा उपयोग काळ कळायला होतो. कोसोनने १९२६ पासून वातानाबे या प्रकाशकासाठी शोसोन नावाने काम केलं, म्हणजे शोसोन दिसलं की चित्र साधारण त्यानंतरचं. आणि चित्रकार एकटा नसायचाच, कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, पैसा प्रकाशकाचा.

मग निवांत चित्रातली जोडी बघा, कुठला पक्षी कशासोबत आहे ते. प्लमच्या फुलांवर उगुइसू (एक छोटा गाणारा पक्षी) म्हणजे वसंताची सुरुवात, चंद्रासमोरून जाणारे रानहंस म्हणजे शरद. ऋतू कळला की रंग तसेच का निवडलेत ते पण कळायला लागतं.

भिंतीवर लावणार असाल तर चिकटपट्टी अजिबात नको, आम्ल नसलेलं माउंट (चित्र बसवायचा पुठ्ठा) आणि गव्हाच्या खळीने चिकटवलेल्या जपानी कागदाच्या पट्ट्या वापरा. थेट ऊन नकोच, जुन्या प्रिंटमधला फुलांपासून केलेला निळा आणि करडईचा लाल फार लवकर उडतो. दोन-तीन महिने झाले की ती उतरवून सपाट अंधाऱ्या ड्रॉवरमध्ये ठेवा आणि पुढच्या ऋतूची दुसरी लावा.