गेमिंग संगणक: तयार घ्यावा की स्वतः जोडावा?

निर्णय घेण्यापूर्वी तयार संगणकाच्या प्रत्येक सुट्या भागाचे नेमके मॉडेल लिहून घ्यावे आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दोन-तीन दुकानांतून त्याच भागांचे जीएसटीसह लेखी दरपत्रक मागवावे. फरक थोडा असेल आणि हाताशी वेळ नसेल, तर तयार संगणक घेण्यात कमीपणा नाही. बिघाड झाल्यास एकाच ठिकाणी दाद मागता येते, तर स्वतः जोडलेल्या संगणकात प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी सांभाळावी लागते.

मात्र जाहिरातीत ग्राफिक्स कार्डाचे नाव ठळक असते आणि काटकसर पॉवर सप्लायमध्ये, म्हणजे सर्व भागांना वीज पुरवणाऱ्या भागात, झालेली असते, म्हणून पॉवर सप्लायचे मॉडेल न सांगणाऱ्या विक्रेत्याकडून मी तरी संगणक घेणार नाही. १६ जीबी रॅम एकाच पट्टीत दिली आहे की ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत, हेही विचारावे. दोन पट्ट्यांमुळे ड्युअल चॅनेल, म्हणजे रॅमशी माहितीची देवाणघेवाण करायला एकाऐवजी दोन मार्ग, मिळते आणि अनेक गेम अधिक सुरळीत चालतात.

स्वतः जोडायचे ठरल्यास प्रोसेसर आणि मदरबोर्डाचे सॉकेट (मुख्य बोर्डावरील प्रोसेसर बसवायची जागा) जुळते का, ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटमध्ये मावते का, हे आधी पाहावे. एएमडी कंपनीच्या प्रोसेसरसाठीच्या एएम५ सॉकेटच्या नाजूक पिना मदरबोर्डावरच असतात. त्यामुळे प्रोसेसरवरील त्रिकोणी खूण सॉकेटवरील खुणेशी जुळवून तो अलगद ठेवावा, दाबू नये. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढायला पुष्कळजण विसरतात. शेवटी मॉनिटरची केबल मदरबोर्डाला नव्हे, ग्राफिक्स कार्डाला लावावी.